मागणं

अजलूनच्या डोंगरवळणावर नायेफनं गाडी थांबवली आणि म्हाताऱ्या बापाच्या दाढीतले पावाचे कण हातानं झटकले.

"बाबा, एकदा म्हणून दाखवा."

"तुम्ही आमचं मागणं मान्य करेपर्यंत ही कॉफी आम्ही पिणार नाही," हाजी मुतलक खणखणीत आवाजात म्हणाले. "किती वेळा म्हणवून घेशील? मी काय शाळेतला पोर आहे?"

मागे बसलेल्या इंतिसारला, नायेफच्या बायकोला, हायसं वाटलं. सासऱ्यांचा आजचा दिवस चांगला होता. एरवी ते तिला आपली वारलेली बहीण समजत. चुलतदीर म्हणत होता, म्हाताऱ्याला नेऊ नका, मी बोलतो. पण पांढऱ्या दाढीला कुणी नाही म्हणत नाही, हा तिचा हट्ट. लेक तुरुंगात असलेल्या आईचा हट्ट मोडणार कोण?

ओकच्या जंगलात शुक्रवारच्या सुट्टीची गर्दी उसळली होती. झाडांखाली सतरंज्या, मांस भाजल्याचा धूर. यांची भरलेली गाडी बघून हेही सहलीला निघालेत असं वाटून कुणीतरी हात केला. नायेफच्या धाकट्या भावानं सवयीनं हात हलवला आणि मग ओशाळून खाली घेतला. जंगल संपून ऑलिव्हच्या बागा लागल्या. याच रस्त्यावर नायेफच्या लेकानं, लैसनं, पिकअप भरधाव सोडली होती आणि अवादची सात वर्षांची मुलगी चाकाखाली गेली होती. तिच्या माणसांनी माफ केलं, तरच लैसची शिक्षा कमी होणार होती.

इंतिसार गाडीतच थांबली. अशा कामाला बायका आत जात नाहीत.

अवादच्या बैठकीत दोन्हीकडचे पुरुष समोरासमोर बसले. कॉफी आधी हाजींपुढे आली. पेला न पिता खाली ठेवायचा आणि ते वाक्य म्हणायचं, एवढंच काम होतं. हाजींनी पेला हातात घेतला, वास घेतला आणि एका घोटात रिकामा केला.

कॉफी प्यायली म्हणजे मागायचं काही उरलं नाही. अवादचा भाऊ तोंड वाकडं करून दुसरीकडे बघू लागला. हाजी मात्र मजेत होते.

"घर छान आहे रे पोरा. लेकरं कुठं दिसत नाहीत? हाक मार की, बघू दे मला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं नायेफला झालं. अवाद बराच वेळ म्हाताऱ्याकडे बघत राहिला. तो आता उठून सगळ्यांना हाकलणार, असंच वाटत होतं.

"शाळेत गेलीय, काका," तो म्हणाला.

"शिकू दे, शिकू दे."

शुक्रवारी शाळा बंद असते, हे हाजी सोडून तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

अवाद स्वतः उठला. त्यानं हाजींचा पेला पुन्हा भरला, त्यांच्या हाती न देता समोर खाली ठेवला आणि नायेफकडे वळला.

"बोला. काय मागणं आहे तुमचं?"

वाट पुन्हा मोकळी करून दिली होती त्यानं. नायेफच्या जिभेवर घोकलेले शब्द तयार होते. त्यानं अवादच्या तोंडाकडे पाहिलं.

"काही नाही," तो म्हणाला. "भेटायला आलो होतो."

बाहेर येऊन त्यानं बापाला पुढच्या सीटवर बसवलं. इंतिसारनं विचारलं,

"केलं माफ?"

"मी मागितलंच नाही."

तिनं डोक्यावरचा रुमाल नीट केला, गाडीचं दार उघडलं आणि एकटीच अवादच्या घराकडे चालू लागली.