तीन वर्षं थांबा

विद्यापीठातली पोरं तिला पाठीमागे थांबाबाई म्हणायची आणि तिला ते ठाऊक होतं. राग यायचा नाही, उलट मनातून जरा बरंच वाटायचं. शालेय मानसशास्त्रात उभी हयात घालवल्यावर पोरांनी निदान कामावरून तरी नाव ठेवलं होतं. शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकाला पोरं नुसती ढेरीवरून ओळखत.

नाव पडलं होतं ते तिच्या नियमामुळे. परक्या भाषेच्या घरातून आलेल्या मुलाला, शाळेत आल्यापासून तीन वर्षं, बुद्धीची किंवा वाचनाची कसलीही चाचणी लावायची नाही. आधी शाळेची भाषा अंगवळणी पडू द्या, मग काय ते ठरवा. ती तरुणपणी चाचण्यांची पेटी घेऊन शाळा-शाळा हिंडायची तेव्हा सगळा उफराटा कारभार होता. दूरदेशाहून आलेल्या पोराला प्रश्नच कळायचा नाही, ते बिचारं गप्प बसायचं, की लागलाच शिक्का. मंद. मग रवानगी मागच्या इमारतीतल्या वेगळ्या वर्गात, आणि तिथं गेलेलं पोर पुन्हा पुढच्या इमारतीत आलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला नियमात एक अपवाद होता. मूल घरच्या भाषेतही अडत असेल तर थांबू नये. ऐकायला किती शहाणपणाचं! पण ज्या मास्तरांना त्या पोरांच्या भाषेतलं 'ये' आणि 'जा' कळत नव्हतं, ते खुशाल लिहून द्यायला लागले की घरच्या भाषेतही अडतं. वेगळा वर्ग पुन्हा भरला. तेव्हा ती कंबर कसून उभी राहिली, समितीत एकेकाशी भांडली आणि तो अपवाद मुळासकट उपटून काढला. पालकांनी बाहेरून आणलेले अहवालही तिनंच बंद करून घेतले, कारण पैसेवाले ते विकत घेत होते. तिच्या पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण हेच. त्याच्या जोरावर ती प्राध्यापक झाली, विभागप्रमुख झाली, आणि नव्या शिक्षकांना तिचं पुस्तक तोंडपाठ असायला लागलं.

आणि आता तिची सख्खी भाची वाचत नव्हती.

धाकटा भाऊ नोकरीसाठी बायको-मुलीला घेऊन तिच्याच शहरात येऊन राहिला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. बबडी आठ वर्षांची, बोलायला फटाकडी. पुस्तक समोर आलं की मात्र तिला तहान लागायची, पोटात दुखायचं, पायाला मुंग्या यायच्या. भावाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. "ताईनं पुस्तकात लिहिलंय, धीर धरायचा," असं तो बायकोला ऐकवायचा. बहीण या विषयातली एवढी मोठी बाई असताना दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागायचंच कशाला, असा त्याचा हिशेब.

भावजय फार बोलणारी नव्हती, पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. एका सुट्टीच्या दिवशी भाऊ सामान आणायला बाहेर पडला तशी तिनं नणंदेला स्वयंपाकघरात गाठलं.

"ताई, जरा बोलायचं होतं. हे घरात असले की बोलता येत नाही."

"बोल की. घाबरतेस काय?"

"बबडीचं घोडं भाषेपाशी अडलेलं नाही हो. खाली मैत्रिणींशी कचाकचा भांडते ती शाळेच्याच भाषेत. अडतं ते अक्षरांपाशी. म्हणून मी आपली अक्षरं शिकवायला घेतली. संध्याकाळी येतात आणि सकाळी सगळं धुऊन निघालेलं असतं. आपल्या भाषेतली, ताई. जन्मल्यापासून बोलतेय ती भाषा."

आत्यानं बबडीला बोलावलं, मांडीशी घेतलं आणि खेळ खेळायच्या सुरात विचारलं, "कमळातला 'क' काढून टाकला तर काय उरतं गं?"

बबडीनं डोळे बारीक करून चांगला विचार केला. "पाणी," ती म्हणाली.

ती हसली, पोरीचा पापाही घेतला. पण आणखी दहा-बारा शब्द विचारून झाल्यावर तिला हसू येईना. शब्दातले आवाज सुटे होत नव्हते. हे घरच्या भाषेत होत असेल तर दोष नव्या भाषेचा नाही. अशा पोराला लवकर हात दिला तर ते तरून जातं. उशीर केला तर वाचनच काय, शाळाच त्याला नकोशी होते. हे ती स्वतः वर्गात शिकवत आली होती. आणि तो हात द्यायचा म्हणजे रोज, शाळेत, त्याचंच शिक्षण घेतलेल्या बाईनं. सुट्टीच्या दिवशी आत्यानं येऊन भागण्यातलं ते काम नव्हतं.

"मी शाळेत जाते," ती भावजयीला म्हणाली.

शाळेतली मानसशास्त्रज्ञ तिचीच विद्यार्थिनी निघाली, तीही आवडती. जिन्याखालची खोली, लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या. विभागप्रमुखबाई गुडघे पोटाशी घेऊन त्यातल्या एकीवर बसल्या. विद्यार्थिनीनं लगबगीनं चहा आणला, पुस्तकावर सही घेतली, बबडीबद्दल सगळं नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, चाचणीशिवाय मला खास शिक्षिका देता येत नाही. आणि चाचणी आत्ता लावता येत नाही."

"मला घरची भाषा येते. मी स्वतः तपासलंय."

"तुम्ही आत्या आहात तिच्या," विद्यार्थिनी हळू आवाजात म्हणाली. "आणि आज बबडीसाठी मी नियम वाकवला तर उद्या सगळे शिक्षक माझ्या दारात उभे राहतील. प्रत्येकाकडे एकेक बबडी असेल, मॅडम, आणि त्यांना तिला मदत नको असेल, वर्गातून घालवायची असेल. मी एकटी कुणाकुणाला अडवू? या शाळेत माझ्या बाजूनं फक्त तुमचं पुस्तक आहे."

यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यातले बरेचसे तिनंच कधीतरी शिकवलेले होते. रागानं तिचे कान तापले, आणि त्या रागाच्या आत कौतुकही होतं, त्याचा तिला जास्त राग आला.

आता एकच वाट उरली होती. पुढच्याच आठवड्यात समिती बसायची होती, नियम आणखी पाच वर्षांसाठी कायम करायला. बदल करायचा तर तिथंच. तिनं मनाशी वाक्य जुळवलं, पुन्हा पुन्हा घासूनपुसून घेतलं: मूल घरच्या भाषेतही अडत असेल, आणि ती भाषा जाणणाऱ्या तज्ज्ञानं ते तपासलं असेल, तर थांबू नये. असे तज्ज्ञ शोधायला समितीच्या नाकी नऊ येणार होते, पण मास्तरांना त्यातून वाट मिळणार नव्हती. तिनं भावजयीला फोन करून ते ऐकवलं.

"नक्की बोलाल ना, ताई?"

"अगं, शब्द दिला तुला."

समितीच्या खोलीतल्या खिडक्या उघडत नसत. लांब टेबलाच्या त्या टोकाला आकडेसर बसले होते. सांख्यिकीचे प्राध्यापक, तिचा नियम पहिल्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत खुपलेला, बोलायला मात्र साखरेचे. तिनं हात वर करायच्या आत ते उठले.

"मॅडमच्या नियमाला मी बोटसुद्धा लावणार नाही," ते म्हणाले. "फक्त एवढंच जोडू या. घरच्या भाषेतही अडत असेल तर थांबू नये. बास."

तिचंच वाक्य, अर्ध्यावर कापलेलं. तिनं उठून उरलेलं अर्धं जोडायचं, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात आकडेसर बसता बसता हसून म्हणाले, "शेवटी शिक्षकांना कळतंच हो, कुणाचं डोकं चालतं आणि कुणाचं नाही."

झालं. ती उठली ती मागच्या इमारतीतला तो वर्ग डोळ्यांपुढे घेऊनच. तिथली पोरं, तिथल्या भिंती, काही न समजता हातावर हात ठेवून बसलेली ती ओळच्या ओळ. तिनं सगळं सांगितलं. अपवाद म्हणजे काय असतो आणि तो कोण वापरतं, हे सांगितलं. इतकं छान ती आयुष्यात बोलली नव्हती. आकडेसरांचं वाक्य तिनं सगळ्यांदेखत उभं चिरलं, आणि खाली बसली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

"म्हणजे कुठलाच अपवाद नको, असंच ना मॅडम?" अध्यक्षांनी विचारलं.

अजून वेळ गेली नव्हती. एक अपवाद हवा, असं म्हणायचं होतं. मग कुणासाठी ते सांगावं लागलं असतं, सख्ख्या भाचीसाठी, आणि आकडेसरांना पुढे काही बोलायची गरजच उरली नसती. सगळे तिच्याकडे बघत होते. बोलायला तोंड उघडलं खरं, पण जीभ वर्षानुवर्षांच्या वळणावरच गेली.

"कुठलाच नको," ती म्हणाली.

नियम एकमतानं कायम झाला. बाहेर पडताना दोघातिघांनी तिचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. ती तडक भावाकडे गेली, कारण एकदा घरी गेली असती तर पुन्हा त्याच्या जिन्यावर पाय टाकायची हिंमत झाली नसती.

भावजय भांडी विसळत होती. "काय झालं, ताई?"

"मी नाही बोलले. दुसऱ्या कुणी मांडलं होतं, ते मीच हाणून पाडलं."

भावजयीनं नळ बंद केला. आरडाओरडा केला नाही, रडली नाही. "का?" एवढंच तिनं विचारलं. आपली लाज वाटते म्हणजे काय, ते एवढ्या मोठ्या प्राध्यापिकेला त्या ओल्या ओट्यापाशी पहिल्यांदा नीट कळलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून भावाची हाक आली. "ताई! लवकर ये! बबडी वाचून दाखवतेय!"

बबडी कोचावर पुस्तक उघडून बसली होती, पाठ ताठ. आत्या तिच्या शेजारी जाऊन टेकली. बबडीनं सुरू केलं, ते शाळेच्याच भाषेत, अगदी खणखणीत, थांबायचं तिथं थांबत. अक्षरांखालून बोटही फिरत होतं. कोंबडीनं पिल्लांना बोलावलं, पिल्लं धावत आली, एक पिल्लू मागे राहिलं. भाऊ फुलून गेला होता.

आत्याची नजर पानावर गेली. पानावर कोंबडी नव्हती. तिथं नदी होती आणि नदीत होडी. कोंबडी पुढच्या पानावर होती. पोरीनं अख्खं पुस्तक कुणाकडून तरी ऐकून पाठ केलं होतं आणि पान उलटायला ती विसरली होती. भाऊ आता कौतुकानं उठून पुस्तकात डोकवायलाच येत होता.

तिचा हात पुढे झाला. तिनं ते पान हळूच उलटलं आणि बबडीचं बोट उचलून बरोबर ओळीखाली ठेवलं.

"बघितलंस?" भाऊ बायकोला म्हणाला. "ताई सांगत होती ना! उगाच जीव खात होतीस माझा." आणि तो आईबाबांना फोन लावायला आतल्या खोलीत पळाला.

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती वळून आत गेली, आणि नळ पुन्हा सुरू झाला.

बबडी आत्याच्या कानाशी लागली. "पुढच्या वेळी पण तू माझ्या शेजारीच बस हं," ती कुजबुजली. "आणि पान जरा लवकर उलट."

"हो," आत्या म्हणाली.