शून्य वर्षं

अकरा वर्षं ती घरोघर जाऊन मुलाखती घ्यायची. "दहा वर्षं दुखणं सोसत जगाल, की आठच वर्षं पण ठणठणीत?" असे प्रश्न. कुठला आजार माणसाला किती जड वाटतो, ते तिच्या संशोधन संस्थेला मोजायचं असे. यंदा सगळं व्हिडिओवर आलं. पायपीट वाचली, पण समोरच्या घरातलं आता एक डोकं आणि मागची भिंत एवढंच दिसायचं.

त्या सकाळी पडद्यावर छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका होते. मुलानं कॅमेरा लावून दिला.

"पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, पण बाबांचं मन नाही," तो म्हणाला. "मॅडम, या रेकॉर्डिंगची प्रत मिळेल ना? डॉक्टरांना दाखवायला बरी."

"प्रत नंतर अर्ज केल्यावर मिळेल. आणि मुलाखतीला ते एकटेच हवेत."

"हो हो, निघालोच मी." दार लागल्याचा आवाज आला.

पहिला प्रश्न साधाच होता, किरकोळ गुडघेदुखीचा. दहा वर्षं दुखण्याऐवजी ठणठणीत किती वर्षं चालतील, ती माउसनं पडद्यावरच्या पट्टीवर निवडायची होती. खूण सरळ शून्यावर गेली.

"काका, शून्य म्हणजे यापेक्षा लगेच मेलेलं बरं. असंच म्हणायचंय?"

"हो."

दुसरा प्रश्न, शून्य. तिसरा, शून्य. चौथ्याला काकांना खोकला आला. त्यांनी दोन्ही हातांनी रुमाल तोंडाशी धरला, आणि तेवढ्यात खूण पुन्हा शून्यावर सरकली.

मग माउस कोण हलवत होतं?

"काका, तुमचा आवाज घुमतोय," ती शक्य तितक्या सहज म्हणाली. "हेडफोन लावता?"

काकांनी बाजूला पाहिलं. चौकटीबाहेरून एका हातानं हेडफोन पुढे केले.

आता तिचं बोलणं फक्त काकांना ऐकू जाणार होतं. "तोंडानं काही बोलू नका. मुलगा तिथंच असेल तर चष्मा काढा."

काकांनी चष्मा काढला.

"ऑपरेशन करून घ्यायचंय तुम्हाला? हो असेल तर चष्मा परत घाला."

हेडफोनमुळे चष्म्याची काडी कानामागे बसेना. तिसऱ्या खेपेला बसली. "काय विचारतायत, बाबा?" असा आवाज आला आणि पडदा काळा झाला.

तिनं वरिष्ठ बाईंना फोन लावला.

"आपलं काम प्रश्न विचारण्याचं," बाई म्हणाल्या. "लोकांच्या घरात कशाला नाक खुपसायचं?"

"पूर्वी मी त्यांच्या घरातच बसायचे, बाई. तेव्हा हे माझ्या नजरेतून सुटलं नसतं."

बाईंनी काकांचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "संमतीपत्रावर पत्ता आहे ना? थांब, मीही येते."

तासाभरात दोघी दारात होत्या. मुलानं दार अर्धंच उघडलं. "बाबा झोपलेत. नंतर या." तो हसत होता. त्याचा पाय मात्र दाराला टेकलेला होता.

"काका!" ती मोठ्यानं ओरडली. "मी सकाळची मुलाखतवाली!"

आत खुर्ची सरकली. मुलाचं हसू मावळलं. "तुम्हाला कळतंय का, त्यांचं सगळं कोण करतंय? सहा वर्षं! मीच!"

काका भिंत धरत धरत आले, पायात चपलाही नव्हत्या. मुलाकडे न बघता ते म्हणाले, "मला माझ्या बहिणीकडे पोचवा."

मुलानं पाय काढून घेतला. जिना उतरेपर्यंत तो वरून कठड्याला रेलून बघत राहिला. त्या बघण्याचीच तिला जास्त भीती वाटली.

ऑपरेशन झालं. महिन्याभरानं तिनं फोन केला, तेव्हा काकांची बहीण बोलली. "दादा हिंडायफिरायला लागलाय. पण दाराची बेल वाजली की ताटावरून उठतो आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घेतो."

"मुलगा येतो का?"

"वर येत नाही," बहीण म्हणाली. "समोरच्या फुटपाथवर उभा असतो. आत्ताही आहे."