कुरासेचा पाणदरवाजा

मित्रांनो, समुद्र आणि कुरासे गाव यांच्या मधे जो जुना लोखंडी दरवाजा उभा आहे ना, तो मी. नदी माझ्या पायांतून समुद्रात जाते. भरती फार चढली की मी खाली उतरायचे आणि समुद्राला बाहेर थोपवायचे, एवढेच माझे काम.

खालच्या आळीत एक लाकडी पाटी दारोदार फिरत असे. ज्या दारावर पाटी, त्या घराने माझे चाक फिरवायचे. मासे सुकवणारी शिगेनो चाक फिरवताना मला शिव्या द्यायची. "हल रे म्हाताऱ्या! माझ्या सासूपेक्षा तुझे नखरे जास्त!" सासू अंथरुणाला खिळलेली, घर अगदी पाण्याला लागून. म्हणून शिगेनो ढग दिसले की पाळी नसतानाही धावत यायची. मला त्या शिव्या फार आवडत.

पण आळीतली तरुण मंडळी शहरात गेली. चाकाला हात मिळेनात. मग पंचायतीत शिगेनोचा धाकटा भाऊ बुन्झो उभा राहिला. आसपासच्या गावांचे आणि वरच्या मिनोबे शहराचे मिळून एक संयुक्त मंडळ होते. दरवाजा उघडण्या-मिटण्याचा अधिकार त्या मंडळाला देऊन टाकू, ते मोटर बसवतील, असे त्याने सुचवले. "कोणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारले. आमच्याकडे चारचौघांत हरकत घेणे म्हणजे समोरच्याचे नाक कापणे. सगळे चहाच्या पेल्यात बघत बसले. झाले, ठराव पास! ठरावात आणखी एक ओळ होती. अधिकार परत हवा असेल, तर मंडळातल्या बाकीच्या सगळ्या सभासदांची संमती लागेल. ती ओळ कोणी मोठ्याने वाचलीसुद्धा नाही. मंडळावर गावाचा प्रतिनिधी म्हणून बुन्झोच गेला.

मंडळाने मला रंग दिला, मोटर बसवली आणि चाक काढून नेले. पाटी पंचायतीच्या भिंतीवर शोभेला टांगली. मी नवा दिसत होतो, पण मला आतून बरे वाटत नव्हते.

त्या शरद ऋतूत मोठे वादळ आले. दुपारीच अंधारून आले आणि समुद्र माझ्या गुडघ्यांवर चढला. मी मोटर सुरू होण्याची वाट पाहत होतो. शिगेनो भिजत आली, मागून बुन्झो.

"अरे, बंद का करत नाहीत? झोपलेत का तुझे मंडळवाले?"

"झोपले नाहीत, ताई." बुन्झो म्हणाला. "मिनोबेत धो धो पाऊस आहे. दरवाजा खाली सोडला तर नदीचं पाणी तुंबून त्यांच्या बाजारात शिरेल. उघडाच ठेवायचं ठरलंय."

"आणि तू काय केलंस?"

"विरोधात हात वर केला ना गं! पण नऊ जणांत आपला एकच हात."

शिगेनोने माझ्याकडे पाहिले. जिथे चाक होते तिथे झाकण होते. त्यावर तिने मुठी आपटल्या. मित्रांनो, मला खाली उतरायचे होते हो! पण दरवाजाला स्वतःचे हात नसतात.

तेवढ्यात माझ्या शेजारच्या खांबावरचा भोंगा ओरडला. पंचायतीच्या कारकुनाने कोणालाही न विचारता तो सुरू केला होता. "खालची आळी, देवळाच्या पायऱ्या चढा! आत्ताच्या आत्ता!" शिगेनो सासूला पाठीवर घेऊन पायरीवर पोचली आणि समुद्र माझ्या पायांतून आळीत शिरला. सासूचे अंथरूण तरंगत मिनोबेकडे गेले.

माणसे वाचली. घरे अजून ओली आहेत.

आज सकाळी तोच भोंगा बोलला. भोंगा वाजवण्याचा अधिकारही संयुक्त मंडळाला देण्याचा ठराव सोमवारी पंचायतीपुढे येणार आहे. मंडळाचे भोंगे नवे आहेत म्हणे, आवाज फार गोड.

शिगेनो माझ्यापाशी जाळी वाळत घालत होती. "बुन्झो," ती म्हणाली, "सोमवारी तरी हरकत घेशील ना?"

बुन्झोने जाळीचे दुसरे टोक उचलून ताणून धरले.

मित्रांनो, तुमच्याही गावात कधीतरी कोणी विचारेल, "कोणाची हरकत?" तेव्हा पेल्यात बघू नका. मला तर चाकही राहिलेले नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वादळ येणार आहे.