डोकं माझं, श्रेय पिंपाचं

बऱ्याच वर्षांपूर्वी कोर्टानं मला स्वतःचे व्यवहार करायला असमर्थ ठरवलं आणि तेव्हापासून माझ्या वतीनं सही करतो तो माझा मोठा भाऊ दोब्री. थोरल्या भावाला आमच्याकडे बाते म्हणतात. बँकेत तो, दवाखान्यात तो. मतदानाला तर मी नाहीच. यंदा चौकात बानित्सा, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळ्या, भाजून विकणाऱ्या बाईनं मला पहाटेच्या पाळीला ठेवते म्हटलं, पण करारावर सही बातेची हवी, आणि बाते म्हणतो, भट्टीजवळ तू नकोस. म्हणून मी कोर्टात अर्ज केला, माझी सही मला परत द्या.

मला आजार आहे हे मी नाकारत नाही. एकदा भर थंडीत मी अनवाणी डोंगराकडे निघाले होते, कारण रेडिओतला माणूस मलाच बोलावत होता. तो अजूनही अधूनमधून बोलतो. गोळी मी न चुकता घेते. तो सुरू झाला की त्याला बडबडू देते आणि हातातलं काम पुढे नेते. हे मला कुणी शिकवलं नाही, मी शिकले.

अर्जाला जोर यावा म्हणून मी डॉक्टर कामबुरोवांच्या अभ्यासात नाव घातलं. पोटात चांगले जंतू सोडले तर आमच्यासारख्यांची स्मरणशक्ती सुधारते का, हे त्यांना बघायचं होतं. रोज एक कॅप्सूल. काहींच्यात जंतू, काहींच्यात नुसती पिठी, आणि कुणाला काय मिळतंय ते त्यांनाही ठाऊक नाही. अट एवढीच की दही, लोणचं, आंबवलेलं काही खायचं नाही. आमच्या स्लिवेन शहरात माणसाला दही सोड म्हणणं म्हणजे अतीच झालं, पण मी सोडलं. बाते समोर बसून वाडगाभर दही चापायचा आणि मी कोरडा पाव चावायचे.

हिवाळ्यातल्या चाचणीत माझे गुण चढले. ऐकलेले शब्द लक्षात राहायला लागले, आकडे उलटे म्हणता यायला लागले. मी इतकी खूश झाले की डॉक्टरांसाठी भेट घेऊन गेले, आमच्या बाल्कनीत हिवाळ्यासाठी मिठाच्या पाण्यात कोबी मुरत घातलेल्या पिंपातलं आंबट पाणी, बाटलीभर. ते पिंप मीच सांभाळते. दिवसाआड खालच्या तोटीनं पाणी काढून वरून परत ओतावं लागतं, नाहीतर कोबी सडतो. आणि सकाळी उठल्यावर त्यातलं पेलाभर पाणी घरात सगळेच पितात.

डॉक्टर बाटलीकडे बघत राहिल्या. "वेनेता, हे तू पितेस?"

"रोज. पण कोबीला हात लावलेला नाही हं. नुसतं पाणी."

त्या पाण्यातच जंतूंची जत्रा भरलेली असते, हे मला तेव्हा कळलं. माझं नाव अभ्यासातून कटलं. नंतर समजलं की आमच्या गटातले बरेच जण तेच पाणी पीत होते. शहाणे गप्प बसले आणि मी बाटली घेऊन मिरवायला गेले. डॉक्टरांनी मात्र माणुसकी सोडली नाही. माझे गुण सांगायला त्या स्वतः कोर्टात आल्या.

कोर्टात माझ्या डोक्याची वाटणी सुरू झाली. सरकारी तज्ज्ञ म्हणाले, सुधारणा गोळीमुळे. डॉक्टर म्हणाल्या, कॅप्सूल असेल, कोबीचं पाणी असेल, नुसता सरावही असेल, खात्रीनं सांगता येत नाही. मग बाते उठला. तो वाईट माणूस नाही. त्या थंडीत मला पाठीवर घेऊन डोंगर उतरला तो हाच. पण मी अजून त्याच्या पाठीवरच आहे असं तो समजतो.

"मॅडम, ही सगळी पिंपाची कृपा," तो म्हणाला. "मार्चमध्ये पिंप संपतं. मग हिला निस्तरणार कोण? मीच ना?"

न्यायाधीश बाई त्यालाच विचारायला लागल्या, ही झोपते का, जेवते का, आवाज येतात का. मी तिथंच बसलेली, चार हातांवर. माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले.

"बाते, तू बस आता. मॅडम, आवाज येतात. आत्ताही येतोय, गप्प बस म्हणतोय. मी बसत नाहीये. हे गोळीनं केलं की पाण्यानं, ते तुम्ही ठरवत बसा. बिघडलं की दोष माझ्या डोक्याचा आणि सुधारलं की श्रेय पिंपाचं, हा कुठला न्याय? मला पहाटे उठून पीठ मळायचंय. चुकले तर बानित्सावाली बाई मला काढून टाकेल, इतरांना काढते तशी. तेवढा तरी हक्क द्या."

बाते मान खाली घालून बसला होता. मला त्याची दया आली, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

न्यायाधीश बाईंनी निकाल दिलाच नाही. नव्यानं तपासणी करा, एप्रिलमध्ये या, तोवर पालक म्हणून बातेच कायम, असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या. म्हणजे पिंप संपल्यावर मी कशी असते ते त्यांनाही बघायचं होतं. बघा म्हणावं.

पुढच्या तारखेचा कागद घ्यायला बाते सवयीनं पुढे झाला आणि कारकुनानंही तो सवयीनं त्याच्यापुढे धरला. मी मध्ये हात घातला.

"तारीख माझी आहे," मी म्हणाले. "कागद माझ्या हातात द्या."

कारकून न्यायाधीशांकडे बघायला लागला. मी हात मागे घेतला नाही.