मला कसर लागली नव्हती

मित्रांनो, मी मुलुंडच्या एका विद्यापीठातल्या चित्रगृहाचा जुना पडदा आहे. राग धरू नये, शांतपणे सांगावं, असं ठरवून बसलो होतो. पण नाही जमत.

माझ्या सबंध अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं होती. कारखान्यातच पाडलेली. स्पीकर माझ्या पाठीमागे असत आणि त्या भोकांतून आवाज पुढे येई. म्हणून तर पडद्यावरची बाई बोलली की शब्द तिच्याच ओठांतून आल्यासारखे वाटत. समईकडे कोण बघतं? मूर्ती दिसली की तिचं काम झालं. माझंही तसंच.

कुणी सोमवार धरतं, मी शुक्रवार धरला होता. त्या संध्याकाळी खुर्च्या पुरत नसत. मुलं पायऱ्यांवर बसत. घाटकोपर, चेंबूरच्या कॉलेजांतूनही पोरं येत. सिनेमा संपला की तो विषय शिकवणाऱ्या मृणालिनी मॅडम पुढे उभ्या राहत आणि वाद रंगे.

"मॅडम, हिरो चुकलाच!"

"कशावरून रे? तू त्याच्या जागी काय दिवे लावले असतेस?"

वॉचमन किल्ल्या वाजवू लागला तरी कुणी उठत नसे.

मग तपासणी समिती येणार म्हणून कुलसचिव साहेब फेरी मारायला आले. सगळा कारभार त्यांच्याच हातात. त्यांनी माझ्याजवळ नाक आणलं.

"अरे, ह्याला तर कसर लागलीय! केवढी भोकं! बुजवून टाका."

मॅडम तेव्हा रजेवर होत्या. त्यांना एक फोन करावा, एवढंही कुणाला सुचलं नाही. माझ्यावर पांढऱ्या तैलरंगाचे दोन हात बसले. समितीने "वा, स्वच्छ ठेवलंय!" म्हणून मान डोलावली.

पुढच्या शुक्रवारी सर्वेश नावाचा विद्यार्थी ओरडला, "आवाज वाढव ना यार! बाई गोधडीत तोंड खुपसून बोलतेय!"

सगळे हसले. आवाज वाढवला, तर नुसता घुमला. मुलांनी काही शुक्रवार कळ काढली, मग येईनाशी झाली.

मॅडमनी मशीन तपासून घेतलं, वायरी बदलल्या. शेवटी माझ्या मागे जाऊन टॉर्च धरली. पूर्वी माझ्यातून चांदणं पाझरायचं. आता एकही ठिपका उमटला नाही. त्या तडक गेल्या आणि साहेबांना घेऊनच आल्या.

"साहेब, ती भोकं आवाजासाठी होती. आता नवा पडदा द्या."

"भोकातून आवाज? मग आमच्या गळक्या छपरातून गाणं यायला हवं, मॅडम!" साहेब हसले. "खरं बोला. पोरांना आता मोबाइल पुरतो. प्रेक्षक नाहीत, तर चित्रगृह बंद. इथे उत्तरपत्रिका ठेवू."

"मुलं येत होती! पडदा तुम्ही बुजवलात आणि खापर पोरांच्या डोक्यावर फोडताय?"

"झालं तुमचं?" म्हणत साहेब चालू लागले.

काल मला उतरवलं. कापून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर अंथरलं. साहेब खूश होते. "बघा, एक थेंब खाली जाणार नाही."

मित्रांनो, एखादी वस्तू जपायला निघालात, तर हात लावण्याआधी तिचं काम काय ते विचारा. सांगणारं माणूस फार लांब नसतं. आणि मुलांना सिनेमा नकोसा झाला, असं कुणी म्हणालं, तर गप्प बसू नका. सांगा, मुलं आली होती. त्यांना ऐकूच येऊ दिलं नाही.