बरणीतली उंची

“झाकण घट्ट बसलंय ना?” बायकोने विचारलं, तसा चष्मेवाल्याने बरणीवरचा हात मागे घेतला. झाकण घट्ट होतं. घोडं अडलं होतं ते त्याच्याच हातापाशी.

बरणीत लेकीचं यंत्र होतं, काडेपेटीएवढं. त्याला तारेने एक बारीकसा दिवा जोडलेला. झाकणातून एक नळी बाहेर आलेली आणि तिच्या टोकाला मोठी पिचकारी. पिचकारीने हवा ओढली की यंत्राला वाटायचं, आपण आकाशात चढतोय. हवा परत सोडली की वाटायचं, आता खाली निघालो, आणि ते दिवा लावायचं. खऱ्या उड्डाणात दिव्याच्या जागी फटाक्याची चिमूटभर दारू असते. ती पेटते, रॉकेटची टोपी उडते आणि त्याला अलगद खाली आणणारी कापडी छत्री बाहेर पडते.

चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. रॉकेटचं खूळ लेकीचं. पुठ्ठ्याच्या नळ्या आणि लाकडी पंख घेऊन तिने जेवणाचं टेबल बळकावलं, तेव्हा तो आधी कुरकुरला आणि मग तिच्याहून जास्त नादावला. उडवण्याआधी दोघं अंगणात चाचणी घ्यायचेच. “इथे फसलं तर हसता येतं, बाबा,” ती म्हणायची. “वर फसलं तर तुकडे वेचत बसायचं.”

यंत्राची आणखी एक खोड होती. खाली उतरलं की, आणि नंतर कधीही बटण दाबलं की, ते शेवटच्या उड्डाणाची उंची शिट्ट्या मारून सांगायचं, एकेक आकडा, मध्ये थोडं थांबून. नवं उड्डाण झालं की जुनी उंची पुसली जायची.

शेवटचं उड्डाण लेकीचं होतं. माळावरून परतली तीच अंग तापलेलं घेऊन. “उद्या आवरते हं,” म्हणत तिने छत्री तशीच नळीत कोंबली आणि रॉकेट कोपऱ्यात उभं केलं. तो ताप डोक्यात गेला. आवरायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून दुकानात जाण्याआधी तो तिच्या खोलीत जायचा, दार लोटायचा आणि बटण दाबायचा. आकडा त्याला पाठ होता. पण आकडा वेगळा आणि ते वाजणं वेगळं.

परवा मास्तरांचा फोन आला. रॉकेटवाल्यांची टोळी हे निवृत्त मास्तरच सांभाळायचे. “रविवारी सगळे जमतोय. तिचं रॉकेट उडवू या का? तुमचं मन असेल तरच.”

“उडवू या की,” तो बोलून गेला. फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं, उडवायचं म्हणजे पुसायचं. माळापर्यंतही जायला नको, बरणीतच पुसलं जाणार.

जेवताना त्याने बायकोला सांगितलं. “मास्तरांना म्हटलं तर दुसरं यंत्र देतील.”

“मग दुसरं बसवा.”

“हं.”

“की नको?”

“अगं, ते सकाळी...”

“माहितेय मला. ऐकते ना रोज.”

त्याचा घास हातातच राहिला. “मला वाटायचं, तू झोपलेली असतेस.”

“झोप कुठली येतेय! पडल्या पडल्या मोजत असते.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“तुम्ही दार लावून घेत होतात.” ती भांडी उचलायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, “दुसरं नको. तिचंच उडू दे. फक्त आधी एकदा मला जवळ बसून ऐकू द्या.”

ते आज सकाळी ऐकून झालं होतं, दोघांनी शेजारी बसून. आता बरणी समोर होती.

“ओढा,” बायको म्हणाली.

त्याने पिचकारी ओढली, क्षणभर धरली आणि हळूच सोडली. दिवा लागला. बरणीतून नवी उंची वाजली. भलतीच थोडक्यात आटोपली.

“एवढंच?” बायको म्हणाली.

“बरणीतून कितीसं उडणार!”

तिला हसू फुटलं. मग त्यालाही. हसता हसता त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने काचा पुसत राहिला. बराच वेळ त्याने चष्मा परत चढवला नाही.

दुपारी त्याने यंत्राच्या डोक्यावरच्या वाटीत चिमूटभर दारू भरली आणि रॉकेट अंगणात लाकडी घोडीवर आडवं ठेवलं. छत्री खरं तर काढून नीट घडी घालायला हवी होती. ती त्याने लेकीने कोंबली होती तशीच राहू दिली. लांब तारा जोडून दोघं भिंतीच्या आडोशाला उभे राहिले. बायकोने कानांत बोटं घातली.

“तीन,” तो म्हणाला. “दोन.” पुढचं तोंडातून निघेना.

“एक,” बायको म्हणाली.

त्याने तारांची टोकं बॅटरीला टेकवली. फट्! टोपी कुंपणाजवळ जाऊन पडली आणि तिच्यामागे केशरी छत्री फरशीवर पसरली.

“झालं? बरं झालं ना?” बायकोने कानांतली बोटं काढत विचारलं.

“चांगलं झालं. रविवारी उडेल.”

तो तारा गुंडाळायला लागला. बायको छत्रीपाशी बसली. कापडाला जागोजागी माळावरची कुसळं अडकलेली होती, वाळून पिवळी पडलेली.

“काढायला लागतील,” तो म्हणाला. “नाहीतर छत्री उघडायची नाही.”

“काढते.”

घाई न करता, एकही न मोडता तिने कुसळं वेचली. मग छत्री त्याच्या हातात दिली आणि मूठ मिटूनच ती घरात गेली.