साठ दिवसांचं पान

विद्यापीठाच्या कायदा ग्रंथालयात त्याला सगळे तळटीप म्हणत. कोणी काही विचारलं की उत्तर देऊन झाल्यावर त्याचं "फक्त एवढं लक्षात घ्या" सुरू व्हायचं, आणि ते मूळ उत्तरापेक्षा लांब असायचं. कायद्याच्या परीक्षेत स्वतः दोनदा गचकलेला, पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा. अठ्ठावीस वर्षांत आपल्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नाही, असं तो येता-जाता ऐकवायचा. ते खरं होतं, म्हणून तर ऐकणाऱ्यांना जास्त वैताग यायचा.

सुट्या पानांचे ग्रंथ हा त्याचा खास प्रांत. कायदे सारखे बदलतात, म्हणून हे ग्रंथ शिवलेले नसतात, कड्यांच्या जाड फायलींत ओवलेले असतात. दर महिन्याला प्रकाशकाकडून बदललेल्या पानांचं पाकीट येतं. जुनं पान काढून फाडायचं, त्या जागी नवं घालायचं आणि फायलीच्या सुरुवातीच्या तक्त्यात तारीख टाकून सही करायची. असल्या कामाला कोणी शाबासकी देत नाही, पण चुकलं तर कोणाचं तरी वाटोळं होतं.

यंदा ग्रंथपालबाईंनी नवा संगणक कक्ष नव्याने लागलेल्या सहायक मुलीच्या हाती दिला. तळटीपला साधं विचारलंही नाही. त्याने भांडण केलं नाही. फक्त पाकिटं खणात टाकायला सुरुवात केली. एक महिना गेला, दोन गेले, तीन गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि हेच त्याला जास्त झोंबलं.

बुधवारी बाहेरच्या लोकांना आत बसता येई. अशाच एका बुधवारी एक शिवणकाम करणारी बाई आली. बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मुलगी बाळंतपणात गेली, तेव्हापासून नात तिच्याकडे. नात आता सात वर्षांची. इतकी वर्षं तोंड न दाखवणाऱ्या जावयाला अचानक बापपणाचा उमाळा आला आणि कोर्टाने नात त्याला द्यायचा निकाल दिला. वर्ष संपेपर्यंत नात इथे, मग तिकडे. अपील केलं तर थांबेल, एवढं तिला कळलं होतं. तिचा वकील निकालानंतर फोनच उचलत नव्हता.

संगणक विद्यार्थ्यांनाच मिळत. तळटीपने तिला कौटुंबिक कायद्याची फाईल काढून दिली, पानही उघडून दिलं. अपिलाची मुदत नव्वद दिवस, असं त्यावर छापलेलं होतं. बाईने ओळीखाली बोट धरून ते वहीत उतरवलं. पुढचे सगळे बुधवार ती तिथेच बसून अर्ज लिहीत राहिली, खोडत राहिली. तळटीपला ती आवडायची. कारण ती त्याचं "फक्त एवढं लक्षात घ्या" शेवटपर्यंत ऐकायची.

मग तपासणी समिती येणार असल्याचं पत्र आलं. तळटीपची धांदल उडाली. तीन महिन्यांची पाकिटं टेबलावर ओतून तो पानं बदलायला बसला. कौटुंबिक कायद्याच्या फायलीत नवं पान घालताना त्याची नजर त्यावर गेली. अपिलाची मुदत साठ दिवस. बदल बाईच्या निकालाच्या आधीच लागू झालेला. हे पान जागच्या जागी असतं तर तिने साठच लिहिले असते.

वार बुधवारच होता आणि बाई खिडकीपाशी मान खाली घालून लिहीत बसली होती. त्याने बोटांवर निकालापासूनचे दिवस मोजले. छप्पन्न. अजून चार दिवस हातात होते. उठायचं, वीस पावलं चालायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं.

तो उठलाही. पण त्या एका वाक्यानंतर बाई विचारणार, मग तेव्हा पुस्तकात नव्वद कसे होते? ते ग्रंथपालबाईंच्या कानावर जाणार. अठ्ठावीस वर्षांची टिमकी एका दुपारी फुटणार, आणि तीही त्या संगणकवाल्या मुलीच्या देखत. समोर भिंतीवर पाटी होती: येथे कायदेशीर सल्ला दिला जात नाही. तळटीपने ती वाचली आणि त्याला फार बरं वाटलं. तो खाली बसला. जुनं पान फाडून टाकलं आणि तक्त्यात तीन महिन्यांपूर्वीची तारीख घालून सही केली. सही नेहमीसारखीच सुबक आली. समितीने त्या तक्त्यांचं तोंडभरून कौतुक केलं.

बाईने ऐंशीव्या दिवशी अपील दिलं.

महिन्याभराने ती आली, थेट त्याच्या टेबलापाशी. मुदत टळली म्हणून अपील घेत नव्हते. पण कोर्टातल्या कारकुनाला तिची दया आली होती. उशिराचं सबळ कारण दाखवता आलं तर अजून माफी मिळू शकते, असं त्याने सांगितलं होतं.

"भाऊ, मी नव्वद लिहिलंय. पुस्तकातच तसं असेल तर तेवढं मला लिहून द्या. तेवढ्यावर पोर माझ्याकडे राहील."

तळटीपकडे कागद होता, शिक्का होता. दोन ओळींचं काम होतं. त्याने फाईल काढली आणि पान उघडून तिच्यापुढे सरकवलं.

"साठ आहे, मावशी."

बाईने त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "हे पान तेव्हा असंच होतं का हो?"

त्याने तक्ता दाखवला. तारीख, सही. तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्या कितीतरी आधीचं आहे. ती पुन्हा पुन्हा तारीख वाचत राहिली. तो थांबू शकला असता. पण सवय जात नाही.

"फक्त एवढं लक्षात घ्या," तो म्हणाला, "कायदा वाचताना नीट बघून उतरवावं लागतं. शिवणासारखं उसवून पुन्हा नाही घालता येत."

"खरंय," बाई म्हणाली.

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. इथे फोन चालत नाही, म्हणून ती घाईघाईने दाराकडे सरकली, पण आवाज आत येत होता. पलीकडे नात असावी.

"नाही गं, बाळा. नाही दिलं लिहून," बाई म्हणाली. मग थोडा वेळ ऐकत राहिली. "असं बोलू नये. इथले भाऊ चांगले आहेत, त्यांनी पुस्तक काढून दाखवलं. आजीनेच चुकीचं लिहिलं. आता तुला जावं लागलं तर माझ्यामुळे, दुसऱ्या कोणावर रागवायचं नाही."